बाईंनी स्वखुशीने पेट्या दाखवल्या

साहेब, तुम्ही न विचारता आत शिरलात. भर दुपारी, कडी काढून, दुसऱ्याच्या जमिनीवर बूट आपटत शिरलात. बघायचं ते बघितलंत, हलवायचं ते हलवलंत, आणि जाताना कडी पुन्हा नीट लावून गेलात. त्या नीट लावलेल्या कडीचाच राग जास्त येतो. कडी लावायचं कळत होतं, म्हणजे हे दुसऱ्याचं आहे हेही कळत होतं. मग कागद कुठे होता? त्यावर सही कोणाची होती? तुमच्याकडे काही नव्हतं. डोक्यावर टोपी होती, तेवढीच.

आता झालं काय ते ऐका, आणि मधे बोलू नका. तुमचं बोलून झालंय.

डांबरी रस्ता संपून कच्चा लागतो, तिथून अर्ध्या तासावर तिची जमीन आहे. पुढे दोन खोल्यांचं घर, बाजूला भावाची सुतारकामाची शेड, मागे उतार. उताराच्या शेवटी ओढा आणि तारेचं कुंपण. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. बापाने जमीन दोघा भावंडांच्या नावावर ठेवली आणि धंदा मुलीच्या अंगावर टाकला, कारण मुलगा माश्यांना भितो. आजही भितो. पेट्या तोच बनवतो, पण भरलेल्या पेटीच्या दहा पावलांत जात नाही.

तिला सगळे राणीवाली म्हणतात. मध विकणारे पुष्कळ आहेत, ही मधमाश्यांच्या राण्या तयार करते. कोणाच्या पेटीतली राणी म्हातारी झाली किंवा मेली, की तो हिच्याकडून नवी मागवतो. काडेपेटीएवढ्या जाळीच्या पिंजऱ्यात राणी, सोबत सहा-सात दासी माश्या, तोंडाशी पिठीसाखरेचा गोळा, आणि वरून पार्सलची चिठ्ठी. "आधी लग्न, मग पार्सल," असं दादा गिऱ्हाइकांना सांगतो. गंमत म्हणून सांगतो, पण धंदा खरोखर तसाच आहे.

कोवळी राणी जन्मात एकदा-दोनदाच घराबाहेर पडते. ऊन चढलं, वारा पडला की उडते, वर हवेत नरांना गाठते आणि परत येते. पुढचा सगळा जन्म पेटीतल्या अंधारात अंडी घालण्यात जातो. पण परत येताना तिला आपलं घर ओळखता आलं पाहिजे. चुकून दुसऱ्या पेटीत शिरली, तर तिथल्या माश्या तिच्याभोवती गोळा होतात आणि जीव जाईपर्यंत तिला आवळून धरतात.

म्हणून राणीवालीच्या चाळीस छोट्या पेट्या कधी रांगेत नसतात. एकीचं तोंड ओढ्याकडे, दुसरीचं घराकडे. एक दगडावर, एक झाडाच्या बुंध्याशी, एक उलट्या बादलीवर. दादाने प्रत्येकीवर वेगळी खूण रंगवलेली: पिवळा पट्टा, निळं वर्तुळ, काळी फुली. लांबून बघणाऱ्याला वाटावं, कोणीतरी भांडण करून पेट्या भिरकावल्यात. पण त्यातली प्रत्येक पेटी हात हात मोजून ठेवलेली असते, आणि राण्या उडायच्या आठवड्यात राणीवाली स्वतःसुद्धा तिला बोट लावत नाही.

त्या आठवड्यात तुम्ही आलात.

ती पार्सलं द्यायला गेली होती, दादा फळ्या आणायला. घरी कोणी नव्हतं. दुपार कलल्यावर ती परत आली, पाणी प्यायली, मागे उतारावर गेली आणि जागच्या जागी थांबली.

पेट्या रांगेत होत्या. चार रांगा, रांगेत दहा. सगळ्यांची तोंडं एका बाजूला. शाळेची मुलं कवायतीला उभी करावीत तशी.

"दादा!" ती ओरडली. दादा तेवढ्यात येऊन फळ्या उतरवत होता. "तू आवरलंस का रे हे?"

"मी?" दादा दहा पावलांवर थांबून म्हणाला. "मी माझी शेड आवरत नाही, तुझ्या पेट्या आवरायला जाऊ?"

पोलिसांचं नाव तिच्या डोक्यात पहिल्यांदा आलंच नाही. कोणाच्या येईल? मग तिला जमिनीतली भोकं दिसली. जिथे जिथे पेटी होती, तिथे तिथे सळई खुपसून बघितलेलं. उलटी बादली सुलटी झालेली. ओल्या मातीत बुटांचे ठसे, जाड टाचेचे, तीन मापांचे. कोणीतरी पेट्यांखाली काही पुरलंय का ते शोधलं होतं, आणि शोधून झाल्यावर बाईंचा पसारा नीट लावून दिला होता. उपकारच की!

राण्या तेव्हा हवेत होत्या. परत आल्या तेव्हा पिवळ्या पट्ट्याच्या जागी काळी फुली होती आणि निळ्या वर्तुळाच्या जागी गवत. पेट्यांच्या तोंडाशी त्या मरून पडल्या होत्या. लांबट, तपकिरी, पंख चुरगळलेले. राणीवाली गुडघ्यांवर बसून एकेक तळहातावर घेत गेली. काही सापडल्या, काही सापडल्याच नाहीत. राणी गेलेली पेटी वेगळीच वाजते. नेहमीची गुणगुण राहत नाही, खालच्या सुरात कण्हल्यासारखं येत राहतं. त्या संध्याकाळी सगळा उतार कण्हत होता. चाळीसांतल्या सव्वीस गेल्या होत्या. बापाने तीस वर्षं निवडून निवडून शांत स्वभावाच्या माश्यांची जात जपली होती. तिच्यातल्या यंदाच्या सव्वीस लेकी एका दुपारी मेल्या, कारण कोणाला तरी रांग आवडते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ठाण्यावर गेली. टेबलामागे हवालदार बसला होता, पेन कानावर ठेवून.

"काय चोरीला गेलं?"

"काही नाही."

"मग?"

"माझ्या जमिनीवर माणसं शिरली. पेट्या हलवल्या. जमीन टोचून बघितली. बुटांचे ठसे आहेत." तिने टेबलाखाली बोट दाखवलं. "अशाच बुटांचे."

हवालदाराने पाय मागे घेतले. "बाई, चोर कधी सामान रांगेत लावून जातो का?"

"तेच म्हणते मी. चोर नव्हते."

मागच्या बाकावर कोणीतरी फिस्सकन हसलं. हवालदाराने पेन कानावरून काढलं, हातात फिरवलं आणि परत कानावर ठेवलं.

"आमच्यातलं कोणी गेलेलं नाही. तशी नोंद नाही."

"नोंद नाही म्हणजे गेले नाहीत, की गेले आणि नोंद केली नाही?"

"तुम्ही वकील आहात का?"

"वकील असते तर तुम्ही उठून खुर्ची दिली असती."

तक्रार लिहून घेतली नाही. "अज्ञात इसमांनी पेट्या व्यवस्थित लावल्या, असं लिहू का?" असं हवालदाराने विचारलं आणि स्वतःच्याच विनोदावर खूश झाला. ती घरी आली. राहिलेल्या चौदा राण्या बाजूला काढल्या, रिकाम्या पेट्यांत नवी राणीघरं, म्हणजे आत राणीची अळी वाढत असलेली मेणाची घरं, बसवली, पेट्या परत आपापल्या जागी नेल्या आणि दिवस मोजायला लागली. ऋतू सरायच्या आत आणखी एकच खेप निघणार होती. ती गेली तर वर्ष गेलं.

तुम्ही परत आलात. आठ दिवसांनी.

या वेळी ती घरी होती, दादा बाहेर गेलेला. मागच्या बाजूला न्हाणी आहे. तीन बाजूंना पत्रा, चौथी बाजू उताराकडे उघडी. बापाने ती तशी बांधली, कारण त्या बाजूला बघायला कोणी नव्हतंच. आपली जमीन, आपला उतार, आपली माश्यांची सोबत. चाळीस वर्षं त्या घरातल्या बायका तिथे निर्धास्त आंघोळ करत आल्या. राणीवाली केस धूत होती. डोळ्यांत साबण गेलेला. तेवढ्यात पेट्यांचा आवाज चढला. तो आवाज तिला झोपेतही कळला असता. पाठोपाठ पुरुषी आवाजात शिवी ऐकू आली.

तिने हाताला लागेल ते अंगावर ओढलं. निथळते केस तसेच पाठीवर टाकून बाहेर आली, तर उतारावर तीन खाकी माणसं. फौजदार कुंपणाशी हात मागे बांधून उभा. टेबलामागचा तोच हवालदार एका पेटीचं झाकण हातात धरून. आणि एक जाडा शिपाई टोपी काढून ती तोंडासमोर सपासप हलवतोय, नाचतोय, आणि जितका नाचतोय तितक्या माश्या त्याच्यावर जास्त येतायत.

इथे नीट लक्ष द्या साहेब, कारण पुढचं सगळं याच्यावर उभं आहे.

आधी ओरडावं, आधी जाब विचारावा, हे तिच्या मनात आलं नाही. माश्यांत वाढलेल्या माणसाला आधी एकच दिसतं: डंख बसतोय. तो चोर आहे की पोलीस हे नंतरचं. बापाने तिला चालायच्या आधी हे शिकवलं होतं. ती शेडकडे धावली, माश्या शांत करायचा धुराचा डबा पेटवला, खुंटीवरची जाळी ओढली आणि तशीच गर्दीत घुसली.

"हात हलवू नका! टोपी खाली टाका! उभे राहा, झाडासारखे उभे राहा!"

शिपायाच्या डोक्यावर तिने जाळी घातली. त्याच्या अंगावर धूर सोडला, उघड्या पेट्यांवर सोडला, हवालदाराच्या हातातलं झाकण हिसकावून पेटी बंद केली. दुसरी बंद केली. तिसऱ्या पेटीतल्या पोळ्यांच्या चौकटी बाहेर काढून गवतावर ठेवलेल्या होत्या. त्या एकेक उचलून, धूर देत, आत लावल्या. मग शिपायाला सावलीत बसवलं आणि त्याच्या मानेतल्या, कानातल्या नांग्या नखाने खरवडून काढल्या.

"चिमटीत धरायच्या नाहीत," ती सांगत होती, "विष आत जातं. खरवडायच्या. श्वास नीट येतोय ना? घशाला सूज वाटते का? दोन बोटं वर करा बघू. किती?"

"दोन," शिपाई रडवेल्या आवाजात म्हणाला. "थँक्यू ताई."

मग ती उभी राहिली. केसांतून पाणी गळत होतं. तेव्हा कुठे तिला राग आला, आणि आला तो पायापासून आला.

"कागद कुठाय?"

"कसला कागद?" फौजदार म्हणाला.

"झडतीचा. कोर्टाचा. कोणाचा तरी."

"झडतीचा कागद घराला लागतो, बाई. तुमच्या घराच्या उंबऱ्याला आम्ही पाय तरी लावला का? हे उघडं रान आहे."

"उघडं रान? कुंपण दिसत नाही?"

"कुंपण गुरांसाठी असतं."

"मग गुरं आत कशी आली?"

शिपाई जाळीआडून हसला आणि कण्हला. फौजदाराचा चेहरा उतरला नाही. असे चेहरे उतरत नाहीत, फक्त घट्ट होतात.

"अर्ज आलाय तुमच्याबद्दल. इथून धूर निघतो. गोड वास येतो. ड्रम उकळतात. चोरटी दारू गाळायची जागा अशीच असते."

"मेण वितळवते मी ड्रममध्ये! पोळ्यांचं मेण! बघा, तो काय तिथे ड्रम."

"बघितला." हवालदार म्हणाला. "मेणच आहे."

"मग?"

"मग काय? खात्री झाली."

"मला विचारलं असतं तर मी सांगितलं नसतं?"

"विचारल्यावर सगळेच सांगतात," फौजदार म्हणाला. "म्हणून विचारत नाही."

"म्हणजे मागच्या आठवड्यातही तुम्हीच."

फौजदार ओढ्याकडे बघायला लागला. हवालदार झाडाकडे. बोलला तो शिपाईच, सुजलेल्या ओठांनी, अगदी मनापासून: "तेव्हा माश्या शांत होत्या हो."

असं कबूल झालं ते. तुमच्या खात्यात खरं बोलायला माणसाला आधी अकरा डंख लागतात.

दोन दिवसांनी तोच शिपाई सायकलवरून कागद घेऊन आला. फाटकाबाहेर उभा राहून घंटी वाजवत राहिला, आत पाऊल टाकलं नाही. एक कान अजून वांग्याएवढा होता.

"पंचनामा आहे, ताई. सही करून द्यायचा. घाई नाही. म्हणजे आहे."

तिने तिथेच वाचला. जागा, तारीख, वेळ. पहिल्या दिवसाचं नावही नाही, फक्त दुसऱ्या दिवसाचं. आणि मधोमध हे वाक्य: 'सदर बाईंनी पोलिसांना पाहताच स्वखुशीने पुढे येऊन, स्वतः धूर देऊन, आपल्या पेट्या पोलिसांना दाखवल्या व तपासास संपूर्ण संमती व सहकार्य दिले. आक्षेपार्ह काही आढळले नाही.'

तिने ते तीनदा वाचलं.

"मी दाखवल्या?"

शिपायाने सायकलच्या घंटीवरची धूळ बोटाने पुसली. "मी फक्त आणून दिला, ताई."

दादा शेडमधून रंधा हातात घेऊन आला. त्याने चष्मा कपाळावरून खाली घेतला, वाचला, आणि त्याचा जीव भांड्यात पडला. "अगं, मग चांगलंच आहे की! आक्षेपार्ह काही आढळले नाही. सही कर आणि मोकळी हो."

"कशावर सही करू? मी त्यांना बोलावलं, यावर?"

"तसं कुठे लिहिलंय? सहकार्य लिहिलंय."

"दादा, मी तो माणूस मरू नये म्हणून धूर दिला. माश्या आणखी चवताळू नयेत म्हणून पेट्या बंद केल्या. बंद केल्या, ऐकतोयस? यांनी लिहिलंय दाखवल्या."

"शब्दाने काय होतं?"

"शब्दानेच होतं. मी यावर सही केली की ते दोन्ही वेळा बरोबर ठरतात. पुढच्या वेळीही येतील. आणि ओढ्यापलीकडच्यांकडे जातील तेव्हा हाच कागद दाखवतील. ही बाई बघा, केस धुताधुता आली दाखवायला."

न्हाणीचं दादाला आत्ता कळलं होतं. त्याने रंधा फळीवर ठेवला, परत उचलला. मग हळूच म्हणाला, "आणि पार्सलांचं?"

तो काटा होता. पार्सल ऑफिसातून आदल्या दिवशीच निरोप आला होता: या पत्त्यावरच्या मालाबद्दल पोलिसांकडे तपास चालू आहे, सबब तपास पूर्ण झाल्याचं पत्र येईपर्यंत प्रत्येक डबा उघडून बघितल्याशिवाय घेतला जाणार नाही. राणीचा पिंजरा उघडला की राणी उडाली. आणि न पाठवता ठेवली तर पिंजऱ्यात ती किती दिवस काढणार? दुसऱ्या खेपेच्या राण्या तयार होत होत्या. चार दिवसांनी त्या पिंजऱ्यात भरायच्या होत्या. तपास पूर्ण झाल्याचं पत्र पंचनाम्यावर सही झाल्याशिवाय मिळणार नव्हतं.

कुठेही जबरदस्ती नाही. सगळं स्वखुशीने.

"एक सही," दादा म्हणाला. "एक सही कर. मला पण राग येतो. पण आपण दोघंच आहोत इथे. ते किती आहेत?"

"तुला माश्यांची भीती वाटते हे मला माहीत होतं."

"मग?"

"माणसांचीही वाटते हे नव्हतं माहीत."

हे लागलं त्याला. ती बोलली आणि तिलाही लागलं. रात्री तो जेवला नाही. सकाळी मात्र ती निघाली तेव्हा धुतलेला सदरा घालून फाटकापाशी उभा होता. "चल," म्हणाला. "बोलणार नाही मी काही. पण बसतो शेजारी."

ठाण्यात त्या दिवशी गर्दी होती. बाकावर सात-आठ माणसं. हरवलेल्या म्हशीची, शेजाऱ्याच्या भिंतीची, कसली कसली. फौजदार आतल्या खोलीत न बसता बाहेरच्या टेबलाशी चहा पीत होता. जाडा शिपाई कोपऱ्यात फायली बांधत होता.

"या," फौजदार म्हणाला. आवाज अगदी मऊ. "आणलात कागद? पत्र तयार आहे, हे बघा, शिक्का मारूनच ठेवलंय. इकडे सही, तिकडे पत्र. आजच पार्सलं सुटतील."

पत्र खरंच तयार होतं. टेबलाच्या कडेला ठेवलेलं, तिला दिसेल असं.

"हे वाक्य खोडा," ती म्हणाली.

"कोणतं?"

"स्वखुशीने. पेट्या दाखवल्या. संमती. हे सगळं. आणि पहिल्यांदा आलात तो दिवस लिहा. सव्वीस राण्या मेल्या ते लिहा. मग करते सही, लगेच करते."

"बाई, तुम्ही धूर दिला की नाही?"

"दिला."

"झाकणांना हात लावला की नाही?"

"लावला. बंद करायला."

"आम्हाला बाहेर जा म्हणालात?"

"तुमचा माणूस माश्यांनी काळा झाला होता!"

"म्हणजे नाही म्हणालात." फौजदाराने कप खाली ठेवला. "मग खोटं काय लिहिलंय?"

बघितलंत साहेब, किती साधं आहे? माणुसकी दाखवा, तीच तुमची संमती. न दाखवावी, तर माणूस मारल्याचा आरोप. यातून वाट काढायची तर काय करायचं? हातात धुराचा डबा घेऊन उभं राहायचं आणि डंख मोजत विचारायचं, आधी बाहेर जाता का, मग वाचवते?

राणीवाली वळली. "तुम्ही सांगा," ती कोपऱ्यातल्या शिपायाला म्हणाली. "मी धूर कशासाठी दिला?"

शिपायाने दोरीची गाठ सोडली, परत बांधली. सगळं ठाणं त्याच्या कानाकडे बघत होतं.

"साहेब," तो म्हणाला, "बाईंनी आधी माझं डोकं झाकलं. पेट्या तर आपणच उघडल्या होत्या, त्या यायच्या आधी..."

"तुला विचारलं का?"

"त्यांनी विचारलं, साहेब."

"फायली आत नेऊन ठेव."

शिपाई फायली घेऊन आत गेला. जाताना त्याने तिच्याकडे बघितलं. त्यापेक्षा जास्त त्याच्याच्याने झालं नाही. त्याचा राग तिला आला नाही, तुम्हाला यावा अशी माझीही इच्छा नाही.

"बाई," फौजदाराचा मऊपणा संपला होता, "माझ्याकडे दिवसभर वेळ नाही. सही करता की तपास चालू ठेवू? चालू ठेवला तर पेट्या इथे आणाव्या लागतील. सगळ्या. उघडून, मोजून."

दादाचा हात तिच्या कोपराशी आला. तिला वाटलं, आता म्हणेल, कर सही. तो म्हणाला, "पेन आहे ना तुझ्याकडे? नाहीतर माझं घे." सुताराची जाड शिसपेन्सिल त्याने खिशातून काढून पुढे केली.

तिने पंचनामा उलटा केला. मागच्या कोऱ्या बाजूला, टेबलावर वाकून, ती लिहीत गेली. तिचं शिक्षण फार झालेलं नाही. पार्सलच्या चिठ्ठ्या लिहून लिहून अक्षर मात्र सुटं आणि ठळक झालंय. पेन्सिल दाबून लिहिल्यामुळे ते आणखी ठळक उमटलं. फौजदार दोनदा म्हणाला, "हे काय चाललंय?" तिने मान वर केली नाही. बाकावरचा म्हैसवाला उठून जवळ आला आणि मान तिरकी करून वाचायला लागला. मग भिंतवाली बाई उठली.

लिहून झाल्यावर तिने खाली स्वतःचं नाव घातलं, सही केली, तारीख घातली.

"घ्या. सही पाहिजे होती ना?"

"हे मी घेणार नाही."

"मग घेणार नाही असं लिहून द्या. नाहीतर पोच द्या."

"याची पोच मिळत नाही!"

"पेट्या उचलायला या," ती म्हणाली. "या की. पण मी या वेळी धूर देणार नाही. जाळ्या खुंटीवरून काढून ठेवल्यात. आणि मी कुठे पळून जात नाही, इथेच बसते बाकावर. माझ्या राण्या चार दिवसांनी पिंजऱ्यात जातील आणि तुमच्या पत्रावाचून तिथेच मरतील. ते मला माहीत आहे. रात्रभर विचार करून आलेय. तरी बसते."

शिक्क्याचं पत्र टेबलाच्या कडेला तसंच होतं. तिने त्याच्याकडे बघितलं, नाही असं नाही. मग लिहिलेला कागद हातात धरला आणि मोठ्याने वाचला, म्हैसवाल्यापासून आतल्या खोलीतल्या शिपायापर्यंत सगळ्यांना ऐकू जाईल असा:

"मी हो म्हणाले असं तुम्ही लिहिलंय. हो म्हणायला आधी कोणीतरी विचारावं लागतं. मला कोणी विचारलं? त्याचं नाव लिहा. किती वाजता विचारलं? कोणत्या शब्दांत? मी घरी नव्हते त्या दिवशी कोणाला विचारलंत, माश्यांना? आणि शेवटचं. मी तिथे उभी राहून नाही म्हणाले असते, तर तुम्ही तिघं आल्या वाटेने परत गेला असतात का?"

फौजदाराने हवालदाराकडे बघितलं, हवालदाराने पेनाकडे.

"हो का नाही, साहेब?" राणीवालीने कागद टेबलावर ठेवला आणि पेन्सिल त्याच्या पुढ्यात सरकवली. "तोंडी नको. इथे खाली जागा सोडलीय. लिहा."